पाठ नववा : खिडकीखाली न आलेल्या मैत्रिणीला वगळणेबाबत

प्रति,
मा. सचिव,
पाठ्यपुस्तक समिती, प्राथमिक विभाग.

विषय : इयत्ता तिसरी, पाठ ९ ‘माडीवरची खोली’ यातील मैत्रीण वगळून मूळ मजकूर छापणेबाबत.

संदर्भ : आपल्या संपादकबाईंचे तोंडी आश्वासन, “काना-मात्रासुद्धा हलणार नाही.”

महोदय,

काल दुपारी धाकटा नुकताच झोपला होता, घर चिडीचूप होते. तेवढ्यात मोठीच्या दप्तराची चेन कर्रकन उघडली आणि तिने चाचणीचा पेपर माझ्यापुढे धरला. प्रश्न : “आजारी मुलीला भेटायला रोज कोण येई?” तिचे उत्तर : “कोणीच नाही.” त्यावर लाल फुली. “पाठ माझ्या आईनेच लिहिलाय,” असे तिने सांगितल्यावर वर्गशिक्षिका म्हणाल्या, “मग आईला नीट वाचायला सांग.”

मी नीट वाचला. म्हणून हा अर्ज.

१. गोष्टीतली मुलगी आठ वर्षांची. संसर्गाच्या आजारामुळे चाळीस दिवस माडीवर एकटी. पटावर दोन्ही बाजूंनी तीच खेळते आणि स्वतःलाच फसवते. शेवटी दार उघडते, तेव्हा ती पलंगाखाली लपते. माणसांची सवयच मोडलेली असते. गोष्ट एवढीच होती.

२. छापील पाठात रोज संध्याकाळी एक मैत्रीण खिडकीखाली येते, हात हलवते, विनोद सांगते. तिला दोन वेण्या असून पुढचा दात अर्धा तुटलेला आहे. महोदय, हा दात मी ओळखते. तो आपल्या संपादकबाईंचा आहे.

३. ती आजारी मुलगी मी. संपादकबाई शेजारच्या, भिंतीला भिंत. खिडकीखाली उभे राहायला कोणाचीही मनाई नव्हती. चाळीस दिवसांत त्या आल्या नाहीत; बावीस वर्षांनी छापून आल्या. फोन केला, तर म्हणतात, “अगं, चार ओळींनी काय आभाळ कोसळलं? पोरांना तेवढंच बरं वाटतं.”

४. कोणत्या पोरांना? वर्गात जे मूल कोपऱ्यात एकटे डबा खाते, त्याला ही मुलगी सोबत करणार होती. आता ते वाचेल की, माडीवर कोंडलेल्या मुलीलासुद्धा मैत्रीण असते, नाही ती फक्त आपल्याला.

सबब, मैत्रीण वगळावी. छपाईची अडचण असल्यास, ती एकदाच आणि उशिरा आली, असे शुद्धिपत्र काढावे. तेही न जमल्यास तिच्या तोंडचे विनोद तरी काढावेत. ती विनोदी कधीच नव्हती.

उत्तराची वाट पाहण्याची मला सवय आहे.

आपली नम्र,
पाठ ९ ची लेखिका
दि. १२ ऑगस्ट

सोबत : १) मूळ हस्तलिखिताची प्रत २) तपासलेला पेपर ३) आम्हा दोघींच्या तिसरीच्या वर्गाचा फोटो (दाताच्या पुराव्यासाठी).

ता. क. : मी अर्जाची नक्कल करत असताना मोठीने तो माझ्या खांद्यावरून वाचला. फुलीचे तिला काही वाटत नाही म्हणाली. एवढेच विचारले, “पण आई, खिडकी तर उघडी होती ना? मग तू तिला हाक का नाही मारलीस?”