डावीकडून कोण

अण्णा,

आधी घडलेलं क्रमाने लिहिते.

१. तुम्ही ज्या जहाजावर चादरी धुवायला होतात, ते आता एका बंदरात कायमचं उभं आहे. त्यात संग्रहालय केलंय.
२. लाँड्रीत, इंजिनाजवळ, जेवणाच्या बाकांवर तुम्ही काढलेले फोटो मी स्कॅन करून पाठवले. त्यांना ते हवेत.
३. प्रत्येक माणसाचं नाव वीस तारखेपर्यंत मागितलंय. नाव नसेल, तर खाली ‘अज्ञात कर्मचारी’ छापणार.
४. माझ्याकडे एकही नाव नाही.

त्यांच्या अल्बमात प्रवाशांच्या कुत्र्याचंही नाव छापलेलं आहे. ‘अज्ञात’ छापू नका, असं मी तीनदा लिहिलं, तीनदा तेच सभ्य उत्तर आलं. आईला विचारलं, तर म्हणाली, “जेवताना नावं घ्यायचे की. मी भाकऱ्या थापत हुते, कुटं ध्यान देणार?” एक फोटो मी रोज उघडते. वाफेत पाच जण. चादरीची चार टोकं चौघांच्या हातात, पाचवा तुमच्याकडे बघून हसतोय. तुमचा दोस्त असणार. पण हसणं म्हणजे पुरावा नाही.

शुक्रवार पेठेतल्या स्टुडिओतून फिल्म धुऊन आणली, की तुम्ही प्रत्येक पाकिटावर लिहायचात, डावीकडून कोण कोण. मी दहा वर्षांची होते, तुम्ही जहाजावर. ती पाकिटं ज्यात असायची, तो बिस्किटांचा डबा मला अव्यवस्थित वाटला. निगेटिव्हच्या कडेला आकडे छापलेले असतात. मी सगळ्या फिल्मच्या एक ते सहाच्या पट्ट्या एका गठ्ठ्यात लावल्या, सात ते बाराच्या दुसऱ्यात. प्रत्येक फिल्म पुन्हा एकपासून सुरू होते, हे मला ठाऊक नव्हतं. रिकामी पाकिटं बंबात घातली.

तुम्ही सुट्टीवर आलात. दारात बसून एकेक पट्टी उजेडात धरताय. मी उंबऱ्यावर उभी.

“लई नेटकं लावलंस की.”

आई आतून विचारते, “पाकिटं कुटं गेली?”

“उंदरानं खाल्ली,” तुम्ही म्हणता, माझ्याकडे न बघता. मग हळूच, “वही आण. सांगतो, लिवून घे.”

मला शरम वाटत होती. मी “उद्या” म्हणाले, आणि सुट्टी संपेपर्यंत रोज तेच म्हणाले. पुढच्या सुट्टीला तुम्ही आला नाहीत, नंतरही कधी नाही.

हे पत्र त्याच डब्यात ठेवते आहे. पाकिटं उंदरांनी खाल्ली, असंच मी संग्रहालयालाही कळवलंय.

वही काढली आहे. वीस तारखेपर्यंत कळवा. डावीकडून.