चौथा चमचा

२२ नोव्हें. ८३
ह्यांची लाँच गुरुवारी परतायला हवी होती. आज मंगळवार. बरोबरच्या तिन्ही आल्या. बंदरावर म्हणतात, वाऱ्याने वर गुजरातकडे सरकली असेल. असेल.
कालवणात तीन चमचे मीठ घातलं. सासूबाई, मी, चिमी. माणशी एक, सपाट, बोटाने पुसून. पितळी चमचा सासूबाईंच्या सासूचा, नियमही तिचाच. सा.बां.नी माझा हात धरला. "आनि त्याचा गो? दर्यावर हाय तवर त्याचं मीठ तोडायचं नाय."
चौथा घातला. पाणी तिघींपुरतंच, तीन वाट्या. म्हटलं, आता समुद्रच प्यायचा.
पण चव बरोबर लागली.

२३ नोव्हें.
पुन्हा चार. पुन्हा बरोबर. जाडं मीठ आहे, चमच्यात कमी बसत असेल. माझ्यासारख्या बालवाडीच्या बाईंनी असल्या गोष्टींना भ्यायचं म्हणजे झालंच.

२५ नोव्हें.
सा.बा. देवळात. मुद्दाम तीनच घातले. चिमी म्हणाली, "आई, मीठ विसरलीस." खरंच अळणी. चौथा घातला, लागलीच जमलं. अंगावर काटा आला. आणि खोटं कशाला लिहू, आनंदही झाला. जेवतायत ते कुठेतरी.

२७ नोव्हें.
चिमीच्या खोकल्याच्या औषधाबरोबर आलेला प्लास्टिकचा चमचा, आत रेघ असलेला. त्याने पितळी चमचा मोजून पाहिला, तीनदा. तिन्ही वेळा मीठ एकाच रेघेला. म्हणजे चमच्यात खोट नाही.
बंदरावर ह्यांची लाँच हाकणाऱ्या तांडेलाची बायको धाय मोकलून रडत होती. ती मला धरून रडली, मी नाही रडले. मनात म्हटलं, हिच्याकडे चमचा नाही. लाज वाटली नंतर.

२ डिसें.
अजून काही कळत नाही. सा.बा. चौथं ताट मांडत नाहीत, पाट मांडत नाहीत. फक्त मीठ.
आज धीर करून विचारलं, मामंजी बुडाले तेव्हा किती दिवस घातलंत?
"कळलं तवर."
कसं कळलं?
भांडी घासायला उठल्या. भांडी मी मघाशीच घासली होती.

६ डिसें.
बांगड्याचं कालवण. तीन वाट्या पाणी. चार चमचे, सपाट, बोटाने पुसून. रोजच्यासारखंच सगळं, दोनदा आठवून पाहिलं.
चिमीने पहिलाच घास थुंकला. "खारट! आई, खारट!" मी चाखलं. तोंडात धरवेना.
सा.बा. भात कालवून खात होत्या. वाटी संपवली, आणखी मागून घेतलं, तेही संपवलं. मान वर केली नाही. डोळ्यांतून पाणी गळत होतं ते भातात.
"अळणी झालंय गो," म्हणाल्या. "उद्या जरा जास्त घाल."
मी हो म्हटलं.
उद्या किती घालायचे, ते अजून ठरवलेलं नाही.