गट ११२ मधली पेन्सिलीची नोंद

मी, किशनराव ग्यानोबा दुधाटे, वय सहासष्ट वर्षे, सेवानिवृत्त अव्वल कारकून (महसूल), राहणार पिंगळी, जिल्हा परभणी, आज रविवार दिनांक ९ नोव्हेंबर २०२५ रोजी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, शाईने लिहून ठेवतो. माझी शुद्ध जागेवर आहे. साखर थोडी वाढलेली आहे, पण तिचा डोक्याशी संबंध नाही असे डॉक्टर म्हणतात. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपणाखाली सही कशी होते हे नोकरीने मला चांगले शिकवले आहे, म्हणून हे वाक्य मी केवळ रिवाज म्हणून लिहीत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. पिंगळी येथील राहते घर माझी पत्नी कमलबाई हिला तिच्या हयातीपर्यंत, व तिच्या पश्चात मुलगा आदिनाथ व मुलगी शुभदा यांना समसमान. समोरच्या खोलीतला पंखा आवाज करतो म्हणून आदिनाथ तो बदला म्हणतो. कमलबाईला त्या आवाजाशिवाय झोप येत नाही. तिच्या हयातीत पंख्याला हात लावू नये.

२. बँकेतील ठेव कमलबाईची. तिला कोणी हिशेब विचारू नये.

३. माझी लोखंडी पेटी, त्यातील पितळी फूटपट्टी, शिक्क्याची गादी व टाचण्यांचा डबा नात राजनंदिनी हिला. तिला असल्या वस्तूंचे वेड आहे. पेटीतला रबर मात्र तिला देऊ नये. त्याचे कारण कलम ५ मध्ये येईल.

४. समोरच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत ‘उत्कृष्ट कर्मचारी’ असे प्रशस्तिपत्र आहे. संगणकीकरणाचे काम जिल्ह्यात सर्वांत आधी शंभर टक्के पूर्ण केल्याबद्दल ते मला मिळाले. माझ्या मरणानंतर फोटोला हार घालाल तेव्हा ते शेजारी ठेवू नये. कागद फाडावा, काच कमलबाईने वाळवणावर झाकायला घ्यावी. मी जिवंतपणी ते उतरवले नाही, कारण उतरवले असते तर का उतरवले हे सांगावे लागले असते.

५. मौजे सावळगव्हाण येथील शेतजमीन, गट क्रमांक ११२. हे कलम लांबणार आहे. वाचणाऱ्याने चहा घेऊन बसावे.

ही जमीन मी वरिष्ठांची परवानगी घेऊन १९९६ साली विकत घेतली. विकणारा म्हणजे सरजाबाई भ्रतार मरिबा ढवळे हिचा दीर. तेव्हा मरिबा वारले होते व सरजाबाईची दोन एकर जमीन माझ्या जमिनीच्या पाठीमागे राहत होती. विहीर आणि वाट दोन्ही माझ्या बाजूला आली. खरेदीच्या दिवशी चार माणसांसमोर ठरले की विहिरीचे पाणी शनिवार-रविवार सरजाबाईचे, आणि उत्तरेच्या बांधाने तिची गाडी जाणार. मी त्या सजाचा, म्हणजे त्या गावांचा, तलाठीच होतो. गावी जाऊन रजिस्टर उघडले आणि गट ११२ च्या समासात ही बोली पेन्सिलीने लिहिली.

पेन्सिलीने का, हे नव्या माणसांना कळणार नाही. शाईने नोंद करायची तर फेरफार, नोटीस, वरची सही, हे सगळे आले. बोलीचा व्यवहार तेवढा लांब जात नाही. म्हणून आम्ही तलाठी समासात लिहायचो: कोणाची वाट कुठून, कोणत्या विहिरीवर कोणाची पाळी, कोणत्या बहिणीला भावाने तोंडी काय दिले. भांडण आले की समास बघून सांगायचे, आणि लोक ऐकायचे. दप्तर तपासणीला साहेब येणार असले की आदल्या दिवशी त्या नोंदी रबराने खोडायच्या, आणि साहेबांची जीप वळली की आठवणीने पुन्हा लिहायच्या. ही आमची वर्षानुवर्षांची वहिवाट होती. माझ्या सजात रबर चालवायला पंडित कोतवाल असायचा. त्याला वाचता येत नव्हते, पण पेन्सिल आणि शाई वेगळी ओळखता यायची, तेवढे पुरत होते.

२०१५ साली सगळे दप्तर संगणकावर चढवण्याचा मोठा प्रकल्प आला. मी तेव्हा तालुक्याला अव्वल कारकून होतो. कंपनीची एक मुलगी, राजेश्री नावाची, आमच्या कचेरीत नऊ दिवस बसली. तालुक्याचे काम खरोखर कसे चालते ते समजून घ्यायचे आणि तशी प्रणाली बांधायची, हे तिचे काम. मुलगी हुशार होती आणि तिला लाज नव्हती, म्हणजे चांगल्या अर्थाने. कळले नाही की विचारायची. सहाव्या दिवशी तिने सावळगव्हाणचे रजिस्टर उघडले.

“काका, समासात हे पेन्सिलीने काय लिहिलंय? ह्याच्यासाठी एक रकाना ठेवू का?”

मी म्हणालो, “मॅडम, अशा नोंदी नसतात.”

“पण ही तर आहे. सरजाबाई कोण?”

मी म्हणालो, “कुणी नाही.”

हे दोन शब्द मी दहा वर्षे पोटात घेऊन फिरतो आहे. ती मला मदत मागायला आली होती, आणि मी तिला तपासणीला आलेला साहेब समजून उत्तर दिले. आयुष्यभर विचारणाऱ्याला एकच उत्तर दिले होते, सर्व ठीक आहे, तेच तिच्याही तोंडावर फेकले. तिने कागदावर ‘समासातील नोंदी: आवश्यकता नाही’ असे लिहिले व माझी सही घेतली. दुसऱ्या दिवशी मी सर्व तलाठ्यांना तोंडी सांगितले, की स्कॅनिंगला दप्तर आणताना स्वच्छ करून आणा. काय स्वच्छ करायचे हे कोणी विचारले नाही. सावळगव्हाणचे रजिस्टर पंडितने आणि मी मिळून साफ केले. गट ११२ चे पान मी स्वतः खोडले.

जीप वळली की पुन्हा लिहू, असेच आम्ही सगळे धरून चाललो होतो. या वेळी जीप वळली नाही. स्कॅन झालेली रजिस्टरे सीलबंद होऊन अभिलेख कक्षात गेली, तलाठी बदलून गेले, आणि एकेचाळीस गावांचे समास कोरे झाले.

दर सोमवारी वर अहवाल जायचा. त्यात शेवटचा रकाना ‘अडचणी’. आम्ही तिथे ‘निरंक’ लिहायचो. फक्त माझा सहकारी बन्सीधर याने एकदा लिहिले, नव्याण्णव टक्के, समासातील नोंदी राहिल्या. वरून त्याला सर्वांसमोर झापले गेले. आम्ही हसलो, मी जरा जास्तच मोठ्याने हसलो. पुढच्या सोमवारी त्यानेही शंभर लिहिले. मग मी दाखल्यावर सही केली, की मूळ अभिलेख व संगणकीय अभिलेख तंतोतंत जुळतात. आणि ते जुळत होतेच. आधी मूळच खोडले होते.

गावोगाव वाटेची आणि पाण्याची भांडणे उठली. संगणक खोटा म्हणून लोक पुन्हा कागद मागू लागले. चार वर्षांत प्रणाली गुंडाळली गेली आणि चौकशी समिती आली. साहेबांनी सर्व्हरचे कारण दिले, कंपनीने विजेचे दिले. मी निवृत्त झालो होतो, तरी मला बोलावून विचारले. मीही सर्व्हर म्हणालो. आता नवी प्रणाली येते आहे, आणि तिच्यात माहिती जुनीच भरतात, आमच्या रबराने साफ केलेली.

६. आता आदिनाथ. २०१९ साली त्याने उत्तरेच्या बांधाला काटेरी तार मारली. त्याला मी दोष देत नाही. सरजाबाई माझ्या दारात आली तेव्हा तो म्हणाला, “मावशी, ऑनलाइनला न्हाई म्हंजी न्हाई.” त्याने जे पाहिले ते मीच तयार केले होते. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “भाऊ, तुमच्याच हातानं लिव्हलं होतं नव्हं? ह्याला सांगा की. तुमी सांगितलं की झालं.” मी म्हणालो, मला आठवत नाही. कमलबाई आतून ऐकत होती. त्या दिवशी तिने मला जेवायला वाढले, पण जवळ बसली नाही.

सरजाबाईने कचेरीत अर्ज केला. तिथे माझाच दाखला काढून अर्ज फेटाळला गेला. तेव्हापासून ती आणि तिची मुलगी पंचफुला नाल्याच्या कडेने डोक्यावर भारे वाहतात. पाणी नाही म्हणून भाजीपाला बंद झाला. नाला भरला की आठ-आठ दिवस स्वतःचे शेत लांबून बघतात. बाई आज एकोणऐंशी वर्षांची आहे. मला या गोष्टीची शरम वाटते. याहून चांगला कायदेशीर शब्द मला सापडलेला नाही.

म्हणून गट ११२ पैकी उत्तर बांधालगतची बारा फूट रुंदीची पट्टी व विहिरीचा निम्मा हिस्सा मी मालकी हक्काने सरजाबाई हिला, तिच्या पश्चात पंचफुला हिला देतो. नुसती वाट दिली तर उद्या तिला रकाना मिळेल की नाही याची खात्री नाही. मालकीला मिळतो. बाकी जमीन आदिनाथची. त्याने हरकत घेतल्यास कलम ५ गावच्या चावडीत मोठ्याने वाचून दाखवावे. वाचण्याचे काम व या मृत्युपत्राची अंमलबजावणी शुभदाकडे. ती शिक्षिका आहे, आवाज खणखणीत आहे.

७. माझा शाईपेन बन्सीधर यास देण्याची इच्छा होती. परंतु साक्षीदारास मृत्युपत्राने काही देता येत नाही, म्हणून आज सकाळीच त्याच्या हातात दिला आणि त्या हसण्याबद्दल माफी मागितली. तो म्हणाला, “हासू द्या हो, मी बी शंभरच लिव्हलं की.”

८. (सह्यांपूर्वी वाढवलेले कलम.) वरील मजकूर बन्सीधरने पंडितला वाचून दाखवला. पंडित म्हणाला, “किशनराव, हे तुमी मेल्यावर लागू व्हनार ना?” मी हो म्हणालो. तो म्हणाला, “मग तुमी मरस्तोर ती म्हातारी जगायची हाय का? आन तुमाला तर तवा कुनी काई इचारनार बी न्हाई. लय सोयीचं केलंय.”

त्याचे म्हणणे खरे आहे. मी दहा वर्षांनी तोंड उघडले तेही मेल्यावर ऐकू जाईल असे. सबब मी लिहून देतो की कलम ६ मधील पट्टी व विहिरीचा हिस्सा मी हयातीतच बक्षीसपत्राने सरजाबाईस देईन. नोंदणी कचेरीत मंगळवारचा नंबर आताच ऑनलाइन लावला आहे, सर्व्हर चालू असला तर. तार त्याच्या आधी काढीन. माझा धीर सुटला तरच कलम ६ वापरावे, आणि धीर सुटला होता हे तिला सांगावे.

वरील मजकूर वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली. ठिकाण पिंगळी.

(सही) किशनराव ग्यानोबा दुधाटे

साक्षीदार:
१. बन्सीधर रंगनाथ पाठक, सेवानिवृत्त अव्वल कारकून (सही)
२. पंडित लिंबाजी खंदारे, सेवानिवृत्त कोतवाल (डाव्या हाताचा अंगठा)

*समासात, पेन्सिलीने:*

दि. १०-११-२५. या नोंदीला कायद्याने किंमत नाही, माहीत आहे. सकाळी आदिनाथला सगळे सांगितले. तो पक्कड घेऊन सोबत आला. तार सोडली. नऊच्या सुमारास सरजाबाई भारा घेऊन नाल्याकडे निघाल्या होत्या, त्या थांबल्या, आणि वाटेने आल्या. मी बांधावर उभा होतो. माझ्याशी बोलल्या नाहीत.