जिच्यावर कुणी बोलणार नाही अशी चाल

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, व्यवसाय मालिका व चित्रपटांना संगीत देणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, राजीखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी दिला आहे. कान त्यांनी तपासले नाहीत. ते डॉक्टरांपेक्षा तिखट आहेत, हे मीच नमूद करते.

१. राहते घर धाकट्या बहिणीला. तिला संगीतातले ओ की ठो कळत नाही. माझी मालिका ती आवाज बंद करून बघते आणि वर विचारते, "ताई, ही जाऊ नुसती वळून बघते, त्यात घाबरण्यासारखं काय आहे गं?" अगं, घाबरवते ती मी! जाऊबाई वळल्या की वाजणारे ते तीन दणके माझे आहेत. गल्लीतली पोरे मला पाहून तेच ओरडतात. त्या दणक्यांचे जे काही मानधन येत राहील, तेही तिलाच मिळावे.

२. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, वकील आहे आणि हा कागद तीच तपासणार आहे. म्हणून तिला काही ठेवलेले नाही. तिच्या लाडापायी जे उधळायचे ते मी आधीच उधळले आहे.

३. "बाई, अगदी असंच हवं, पण जरा वेगळं," असे जन्मभर सांगणाऱ्या दिग्दर्शकमहाशयांना, त्यांनीच नाकारलेल्या चालींचा खण द्यावा. त्यातल्या दोन मी पुढे त्यांनाच ऐकवल्या, तेव्हा "वा, हे नवीन आहे" म्हणून त्यांनी डोक्यावर घेतल्या होत्या. बाकीच्यांचेही नशीब उघडेल.

४. कीबोर्ड आणि स्पीकर गल्लीच्या टोकाच्या शाळेला. तीन दणके मात्र शिकवू नयेत.

५. आता खरे दुखणे. आमचे व्हायोलिनवादक. यांना सगळे तिरसट म्हणतात आणि त्या हाकेला ते ओही देतात. एका चित्रपटात मुलगी घर सोडून जाते आणि आई तिचे कपडे घडी घालत बसते, त्या प्रसंगाला त्यांनी एकट्याने वाजवले. असे वाजवले की ध्वनिमुद्रण करणारा यंत्र थांबवायचे विसरला. पुढे दिग्दर्शकांनी त्याच जागी आईला फोन आणला आणि ती गॅसच्या नळीबद्दल बोलत राहिली. थिएटरात व्हायोलिन ऐकू आले ते कुठेतरी डास गुणगुणावा इतपत. तिरसट मध्यंतरातच उठून गेले. मी दिग्दर्शकांची बाजू घेतली, तेव्हापासून माझ्याशी अबोला. मी दिसले की पलीकडच्या फुटपाथवर.

माझे म्हणणे आजही तेच: प्रसंगाला ते बोलणे हवेच होते. चित्रपटात चाल ही पाहुणी, घरचे बोलू लागले की तिने गप्प बसावे. पण या माणसावाचून मला करमत नाही, हेही तितकेच खरे. म्हणून मी फक्त व्हायोलिनसाठी एक चाल लिहिली आहे. तिला चित्र नाही, तिच्यावर कुणी बोलणार नाही. ती माझ्यामागे सर्व हक्कांसह त्यांना मिळावी. मी समोर असताना ते घ्यायचे नाहीत, म्हणून ही तजवीज.

येथवर लिहून झाले आणि दुसरा साक्षीदार सापडेना. भाची खाली गेली आणि गल्लीत जो पहिला ओळखीचा माणूस भेटला त्याला घेऊन आली. तिरसट! माझ्याकडे न बघता त्यांनी तिला विचारले, "सही कुठे?"

भाचीने कागद वाचला आणि कपाळावर हात मारला. "काका, तुम्हाला साक्षीदार होता येणार नाही. तुमच्या नावे काहीतरी आहे यात. तुम्ही साक्ष दिलीत, तर ते जाईल."

त्यांनी कलम वाचले. शेजारी ठेवलेली चाल उचलली. डाव्या हाताची बोटे सदऱ्यावरच फिरू लागली. मी श्वास रोखून बसले होते, खोटे कशाला सांगू?

"बाई," ते म्हणाले, "तिसऱ्या ओळीत दम कुठे घ्यायचा?"

"व्हायोलिनला कसला दम?"

"वाजवणाऱ्याला लागतो ना! आणि हे मला तुम्ही गेल्यावर देणार? मग चुकलं तर भांडायचं कुणाशी? खोडा ते कलम. चाल आत्ता नेतो, आणि साक्षीदार मीच."

सबब कलम ५ रद्द. खाडाखोडीवर माझी सही आहे. भाची म्हणते, कोऱ्या कागदावर पुन्हा लिही. टेक चांगला गेला की दुसरा घेत नसतात, हे तिला कोण सांगणार!

स्थळ: राहते घर, वरचा मजला, पुढची खोली.
दिनांक: नऊ तारीख, बुधवार, सकाळ.
सही: संगीतकार, स्वतःच्या हाताने.

साक्षीदार एक: खालच्या मजल्यावरचे डॉक्टर. "माझ्यादेखत सही झाली."

साक्षीदार दोन: व्हायोलिनवादक. "माझ्यादेखत सही झाली. तिसऱ्या ओळीवरून वाद चालू आहे."