तेलाचा काटा

मळा, दिंडोरी
२२ ऑक्टोबर १९९७

तू बांधलेल्या इंजिनाचा तेलाचा काटा उठत नाय. आधी हे ऐक, आशीर्वाद खाली हायेत. लष्करात गाड्या दुरुस्त करतो म्हणून गावभर छाती काढून फिरलास, सुट्टीत घरचा ट्रॅक्टर खोलून बसलास, आणि आता त्याच्या पोटात तेल हाय पण अंगात चढत नाय.

चि. समाधानास आजीचे आशीर्वाद. इकडे सगळी बरी हायेत, तुझा बाप सोडून.

डिझेल पंप नाशकाहून दुरुस्त होऊन आला, तवर तू रेल्वेत बसला होतास. तुझ्या बापानं पंप जोडला, किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात बोललं. तुझी शुभांगी पेढे आणायला आत गेली, तेवढ्यात तो ओरडला आणि त्यानं बंद केलं. काटा मेल्या गाईच्या शेपटासारखा खाली. तेलाशिवाय चालवलं तर आतलं लोखंड एकमेकाला खाईल, असं तोच म्हणतो, आणि आता तरी उठेल म्हणून त्याचाच हात सारखा किल्लीकडं जातो. म्हणून किल्ली मी पदराला बांधली हाय.

पूजेत कमी पडलं म्हणावं तर तसंबी नाय. खंडेनवमीला तू पंप टाकायला नाशकाला गेलास, तेव्हा धोतरावर मांडलेल्या एकेका भागाला हळदकुंकू, अक्षता, झेंडू सगळं झालं. उघडं इंजिन म्हणजे एक देव नाय, शंभर देव. तुझ्या आजोबांच्या बैलांनाबी एवढा मान नव्हता.

बाग छाटून झाली, फूट कोवळी हाय. आभाळ आलं की द्राक्षावर डावणीची बुरशी पडती, हे तुला सांगायला नको. फवारा ट्रॅक्टरवर, आणि ट्रॅक्टर असा. पाठीवरच्या पंपानं एवढी बाग फवारायची म्हणजे वाटीनं विहीर उपसायची.

पत्र मीच लिहिते. अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं असलं तरी माझं हाय. तुझं पत्र मात्र शुभांगी सगळ्यांसमोर वाचून दाखवती, तवा बायकोला गोड काही लिहायचं तर जपून.

आमच्यावर माया राहू दे, आणि इंजिनावरबी.

तुझी आजी
अंबूबाई

अंबाला
२८ ऑक्टोबर १९९७

ती. आजीस समाधानचा शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि लगेच सुट्टी मागितली. साहेब म्हणाले, आत्ताच तर घरून आलास. इथे रोज दुसऱ्यांची इंजिनं खोलतो आणि डोक्यात आपलंच असतं.

तुझ्या लेकाला, दादांना सांग, आधी काटाच बिघडलाय का ते बघा. काट्याची नळी सोडून इंजिन जरासंच फिरवा, तेल बाहेर आलं तर दोष काट्याचा. नाही आलं तर दिंडोरीच्या हिरामण फिटरला बोलवा. खालचं चेंबर उतरवून तेल ओढायची जाळी बघावी, तेलाचा पंप तेलाने भरून परत बसवावा. कोरड्या पंपाला तेल ओढता येत नाही. तोवर किल्ली तुझ्याच पदराला असू दे. दादांना देऊ नकोस, ते रागावले तरी.

मी एकेक बोल्ट आठवून बघतो. कुठे चुकलो ते सापडत नाही. समोर असतो तर कान लावून सांगितलं असतं. इथून नुसतं लिहिता येतं.

शुभांगीला म्हणावं, भाऊबीजेला माहेरी, सायखेड्याला जाऊन ये. सगळ्यांना नमस्कार, तुझा राग माझ्यावर फार दिवस नसावा.

तुझा
समाधान

मळा, दिंडोरी
४ नोव्हेंबर १९९७

चि. समाधानास आशीर्वाद.

राग हाय तिथंच हाय. नळी सोडली, तेलाचा थेंब आला नाय. हिरामण आला, चेंबर उतरवलं. जाळी तुझ्या लग्नातल्या ताटासारखी लख्ख. पंप भरून बसवला. मग मी पदराची गाठ सोडली, बापानं किल्ली फिरवली, आणि काटा जिथल्या तिथं. हिरामण म्हणतो, आतला क्रँकचा दांडाच चुकीचा घासलाय, सगळं परत उतरवून नाशकाला न्यावं लागंल. तुझा बाप पाठीवरचा पंप उचलून बागेत गेला.

आभाळ भरून हाय. दिवाळीला पणत्या लावल्या त्या वाऱ्यानं विझल्या. शेजारी ट्रॅक्टर द्यायच्या आधी स्वतःची बाग फवारणार, त्यांचं तरी काय चुकलं? कालपासून पाऊस. खालच्या बागेत पानामागं पांढरी बुरशी दिसली.

शुभांगी सायखेड्याला गेली नाय. भाऊ न्यायला आला, त्याला तिनं मळ्यातच ओवाळला आणि वाटेला लावला. पाठीवर पंप घेऊन तुझ्या बापाबरोबर वरची बाग फवारती. औषधानं हात निळे झालेत. मी बांधावर बसून दोघांना शिव्या देते. या वयात तेवढंच जमतं.

तुला इंजिन बांधता येतं, मला भाकरी. इथं दोन्हीचा उपयोग नाय. लोभ करायचाच तर जरा डोकं चालवून कर.

अंबूबाई

अंबाला
१० नोव्हेंबर १९९७

ती. आजीस शि. सा. नमस्कार.

सापडलं! दोष क्रँकचा नाही. तुझं पहिलं पत्र पुन्हा काढून वाचलं आणि ‘अक्षता’ शब्दावर थांबलो. इंजिनाच्या बाजूला, एका टोपीखाली छोटी झडप आहे. तिच्यात एक गोळी आणि तिला दाबणारी स्प्रिंग. जास्तीचं तेल तिथून परत खाली सुटतं. पूजेच्या दिवशी तिचं भोक वर तोंड करून उघडं होतं. आल्यावर मी फुलं झटकली, पण भाग पुन्हा धुतले नाहीत. गोळीखाली एक जरी तांदूळ अडकला तरी गोळी बसत नाही, आणि सगळं तेल वर न चढता परत चेंबरमध्ये पडतं. हिरामणला आधी ती टोपी खोलायला सांगा.

ज्याने कोणी धुतलेल्या इंजिनावर तांदूळ उधळले, त्याला अक्कल वाटताना देव झोपला होता. ते काम दादांचं असलं तरी त्यांना हे वाचून दाखव. बाग गेली तर त्या एका मूर्खामुळे जाईल.

घाईत आहे. माफी आणि माया दोन्ही असू दे.

तुझा
समाधान

मळा, दिंडोरी
१८ नोव्हेंबर १९९७

चि. समाधानास आशीर्वाद, या वेळी मोजकेच.

दाणा निघाला. कुंकवानं लाल, तेलात अजून कडक. हिरामण तळहातावर घेऊन हसला, मग आमची तोंडं बघून कामाला लागला. टोपी लावली, मी किल्ली दिली, आणि काटा उभा राहिला. आता इंजिन चांगलं चालतंय. खालच्या बागेत त्याला काम नाय. तिथं घड काळे पडून वाळलेत, हात लावला की गळतात. वरची अर्धी बाग जगली, ती शुभांगीनं पाठीवर पंप वाहिला म्हणून.

तुझं पत्र तिनंच वाचलं. चुलीपाशी आम्ही सगळी बसलो होतो. त्या ओळीवर जरा थांबली, मग पुरी वाचली. एक अक्षर गाळलं नाय. मी वाचत असते तर गाळलं असतं. बाप म्हणाला, मी तर तांदळाला हात लावला नाय. मग सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. मी म्हणाले, मीच तिला सांगितलं होतं, सासरचा पहिला दसरा हाय, एकबी भाग सुना ठेवू नको. तिनं पत्राची घडी घातली, माझ्या हातात दिली, भांडी घासली. सकाळी पिशवी घेऊन सायखेड्याला गेली.

मी सांगितलं ते चुकलं असं मी म्हणत नाय. पुढल्या दसऱ्यालाबी पूजा होईल, तू भोकं झाकून ठेव. पण मूर्ख कोण हे विचारायच्या आधी माणसानं आपण कुणाच्या तोंडून वाचून घेतोय ते बघावं.

मला उत्तर नको. बापालाबी नको. उत्तर तिला लिही, सायखेड्याच्या पत्त्यावर, आणि ती येईस्तवर इकडं एक कार्डबी टाकू नकोस. इथं वाचायला कोणी नाय.

अंबूबाई