कांगोचा वाघ, आमच्या शेततळ्यात

९ जुलै
दुपारी मोबाईलवर कांगो नदीतल्या टायगर फिशचा व्हिडिओ पाहिला. मासा जवळजवळ माणसाएवढा. दात कुत्र्यासारखे. तीनदा पाहिला. वसमत डेपोतून रिटायर झाल्यापासून मला साजेसं काम सापडत नव्हतं. सापडलं. असे मासे गळाने धरायला लोक पुण्याहून येतील. हिंगोली जिल्ह्यात हे कुणाला सुचलं कसं नाही? व्हिजन नाही.

आपल्या शेततळ्यात सध्या बायकोच्या, अनुसयाच्या बचत गटाचे रोहू-कटला आहेत. असू द्या. तळं मोठं आहे.

१५ जुलै
मेहुणा वैजनाथच्या गाडीवर कनेरगाव नाक्याला गेलो. रामसिंग म्हणून मत्स्यबीजवाला टेम्पो घेऊन उभा होता. टायगर फिश मागितला तर म्हणाला, कौनसा? व्हिडिओ दाखवला. म्हणाला, हां साहब, अफ्रीका का माल, बराबर यही. डबाभर पिल्लं आणून गुपचूप सोडली. अनुसयाला सरप्राईज.

२ ऑगस्ट
बोर्ड आला. पेंटरनं ‘कांदा फिशिंग पॉइंट’ रंगवलंय. परत पाठवला.

२१ ऑगस्ट
एक मासा वर येऊन गेला. मिशा दिसल्या. व्हिडिओतल्याला नव्हत्या. थोडा वेळ बेचैन. मग लक्षात आलं, वाघाला मिशा असतातच. डाउट क्लिअर.

१४ सप्टेंबर
अनुसया तळ्यावर पेंड टाकून लगेच परत आली. म्हणाली, “मासे वर येऊन न्हाई राहिले. काहून?” क्लायमेट, असं सांगितलं. म्हणाली, “माझा आवाज आला की येत व्हते.” ती जेवली नाही. मी जेवलो. दोघांनी उपाशी राहून काय होणार. उद्या तिला सगळं सांगायचं. पक्कं.

१५ सप्टेंबर
रविवार. रविवारी कुणाचा मूड घालवू नये.

६ ऑक्टोबर
उद्घाटन. पहिला गळ वैजनाथचा. मासा निघाला: हातभर, काळा, बुळबुळीत, मिशाळ. सुळे दिसेनात. लहान असेल.

राधिकानं फोटो काढून मोबाईलवर शोधलं. म्हणाली, “पप्पा, हा मांगूर आहे. आफ्रिकन. बाकीचे मासे खातो. पाळायला बंदी आहे.” आफ्रिकन आहे ना, एवढंच मी विचारलं. माझं भूगोलाचं काही चुकलेलं नाही.

अनुसयानं सगळ्यांसमोर विचारलं, “हे तळ्यात आलं कसं?” पक्ष्यांच्या पायाला अंडी चिकटून येतात, असं मी समजावलं. वैजनाथ चपलेकडं बघत राहिला. अनुसयानं त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मग घरी गेली.

९ ऑक्टोबर
मत्स्य विभागाच्या पुनम मॅडम आल्या. फोन अनुसयानंच केला होता. तळं उपसून मांगूर पुरायचे म्हणाल्या. मी कांगोचं खोरं समजावून सांगायला घेतलं. मध्येच त्यांनी विचारलं, “सोडले कुणी?”

गटाच्या सगळ्या बायका उभ्या होत्या. मी, असं म्हणालो. ऊन फार होतं.

१७ ऑक्टोबर
तळं उपसलं. मांगूर खड्ड्यात गेले. गटाच्या माशांपैकी एकच कटला निघाला, शेपटी कुरतडलेली. अनुसयानं तो दोन्ही हातांनी उचलून पाण्याच्या ड्रममध्ये सोडला आणि बाजूला बसून राहिली. गटातली आशाबाई म्हणाली, “दिवाळीत इकणार व्हतो गं.” मला काहीतरी बोलायचं होतं. मुद्दे तयार होते. कुणी माझ्याकडं बघत नव्हतं, म्हणून राहिलं.

२० ऑक्टोबर
ओसरीत गटाची मीटिंग. मला बोलावलं नाही. आतून ऐकू येत होतं. तळं पुन्हा भरायचं. पुन्हा रोहू-कटला. तिसरा ठराव माझ्याबद्दल: मी तळ्याच्या बांधावर चढायचं नाही. सगळ्यांनी हात वर केले. रुख्मिणीबाईनं दोन्ही.

मग अनुसयानं आत डोकावून चहा टाकायला सांगितलं. सगळ्यांना पुरेल एवढा केला. ट्रे घेऊन गेलो. आशाबाई म्हणाली, “बरा झालाय.”

अनुसयानं कप घेतला. माझ्याकडं न बघता म्हणाली, “साखर कमी पडली.”

घेऊन आलो.