सातव्या वळणावरची चाळीस मिनिटं

सांत ग्राऊ, बुधवार
ऑक्टोबर निम्मा सरला

तीर्थरूप सादुर्नीदादा यांच्या पायांशी धाकट्या रेमेईचा साष्टांग नमस्कार. (आठही अंगं टेकवायची होती, पण डावा गुडघा आणि उजवं कोपर पट्टीत आहेत, तेव्हा सहांवर भागवून घ्यावं.) तुमची तब्येत, वहिनींची पाठ आणि गॅलरीतलं लिंबाचं झाड कसं आहे? मागच्या पत्रात तुम्ही माझ्या दातांची फार काळजी केली होती. दात उत्तम आहेत. त्यांच्याविषयी थोडं वेगळं सांगायचं आहे, पण ते शेवटी. खरं तर फोनच केला असता, पण वहिनी फोन स्पीकरवर ठेवून भांडी घासतात आणि आपलं बोलणं चारही मजल्यांना ऐकू जातं. म्हणून हे पत्र मधवाल्या एव्हारिस्तच्या हाती देते आहे. तो उद्या तुमच्या जिरोनात मध विकायला येतो.

गुडघ्याच्या डॉक्टरांनी मला उतार चालायची बंदी केली, हे तुम्हाला ठाऊक आहे. सायकल चालवा म्हणाले. त्यांच्या मनात बहुधा दवाखान्यातली, जागच्या जागी फिरणारी सायकल असावी, पण तसं ते बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही. माझी सून केराल्त हिची जुनी, जाड टायरांची ग्रॅव्हल सायकल कोठारात पडून होती, ती मी काढली. साखळीच्या फाटकापासून वर सात किलोमीटर खडीचा रस्ता, मोटारींना बंदी, दोन्ही बाजूंना साल काढलेले लालबुंद बुचाचे ओक, वर चेस्टनट, त्याच्या वर पाइन. वाटेत कोणी भेटलंच तर रानडुक्कर, आणि ते निदान हॉर्न वाजवत नाही. सहासष्टाव्या वर्षी मी हे का आरंभलं ते तुम्ही ओळखलं असेलच. बाबांच्या जागेवर जायचं तर होतं, आणि मी जाणार म्हणजे जाणारच होते.

बाबांची जागा म्हटल्यावर तुमचा चेहरा कसा झाला असेल ते मला इथून दिसतं आहे. मी एकोणीस वर्षांची असताना बाबांनी ती अळंबीची जागा मला दाखवली आणि तुम्हाला नाही, याला सत्तेचाळीस वर्षं झाली. तितकीच वर्षं तुम्ही रुसून आहात. (बाबांचं म्हणणं होतं की एकालाच सांगायचं, आणि तुम्ही तर झोपेतसुद्धा बोलता. वहिनींनीही याला दुजोरा दिलेला आहे.) आपल्याकडचा माणूस आपली शस्त्रक्रिया, सुनेचं भांडण, सगळं बेकरीत मोठ्याने सांगेल, पण रोवेयोची, म्हणजे आपल्या पाइनखालच्या अळंबीची, जागा विचारा, तो आकाशाकडे बघून ‘यंदा काही नाहीच’ म्हणतो. मीही इतकी वर्षं तेच म्हणत आले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती मूठ उघडली केराल्तने, तीही माझ्या काळजीपोटी. तिने सायकलला एक यंत्र बसवलं आणि त्याचा पट्टा माझ्या मनगटाला बांधला. मी किती चढले, किती थांबले, हृदयाचे ठोके किती पडले, सगळं ते मोजतं. त्याने सुरुवातीला मला सात प्रश्न विचारले आणि मी सगळ्यांना ‘हो’ म्हटलं, कारण पाहुण्याला ‘नाही’ म्हणायची आपल्या घरात पद्धत नाही. त्यातला एक प्रश्न असा होता की ही माहिती गावच्या सायकल मंडळाच्या नकाशावर टाकू का. (मंडळाचे एकोणतीस सभासद आहेत. त्यांतल्या अकरा जणांकडे सायकल आहे. उरलेले नकाशा बघतात.) तीन आठवडे मी टोपलीवर नेच्याची पानं पसरून, मुद्दाम उलट दिशेने गावाबाहेर पडत होते, आणि तीन आठवडे सगळं गाव बेकरीत कॉफी पीत माझी लाल रेघ सातव्या वळणापाशी थांबलेली बघत होतं. रोज चाळीस मिनिटं.

बेकरीवाल्या ओनोरिनाने पाव गुंडाळता गुंडाळता विचारलं, “काय गं रेमेई, वर कोणाला भेटतेस?” मला वाटलं, हेच बरं. अब्रू गेली तर जाऊ दे, जागा वाचेल. मी खाली मान घालून लाजले. (वेळ लागला. सवय राहिलेली नाही.) ती म्हणाली, “अगं पण ठोके बघ की! चढावर एकशे तीस आणि तिथे पोचलीस की अठ्ठावन्न. प्रियकराजवळ कोणाचे अठ्ठावन्न पडतात?” कोणीतरी मागून म्हणालं, “नवऱ्याजवळ पडतात,” आणि सगळी बेकरी हसली. यातून एकच घडलं. एव्हारिस्तला विधुर होऊन सहा वर्षं झाली. ती गोष्ट आपल्याविषयी आहे असं धरून तो संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, मधाची बाटली घेऊन दारात उभा राहिला. मध घेतला. बाकीचं विचाराधीन आहे.

मग मी हट्टालाच पेटले. एक खरी जागा लपवायची तर दहा खोट्या दाखवायच्या, असं ठरवून रोज नव्या ठिकाणी चाळीस मिनिटं बसायला लागले. पहिल्या दिवशी डुकरांच्या चिखलापाशी बसले. चिखलाचे मालक बाविसाव्या मिनिटाला आले, पण मी चाळीस पूर्ण केली, त्यातली अठरा झाडावर. दुसऱ्या दिवशी चेस्टनटखाली बसले आणि डोक्यावर काटेरी बोंडं झेलली. परतताना सुट्या खडीवर मागचं चाक माझ्या पुढे गेलं. कोपर ते हेच. तिसऱ्या दिवशी शिकाऱ्यांचा हाका होता. नारिंगी जाकीट घालून, हात वर करून चाळीस मिनिटं बसले. शिकारी ओरडले, “बाई, उठा!” मी ओरडले, “अजून अकरा मिनिटं!” एवढं करून शुक्रवारी ओनोरिनाने निकाल दिला. म्हणाली, “चिखलात एकशे एक्केचाळीस, चेस्टनटखाली एकशे सव्वीस, हाक्यात एकशे साठ. नुसत्या सातव्या वळणावर तुझं काळीज निवांत असतं, रेमेई. जागा तीच.”

आता सायकल मंडळाने फळ्यावर लावलं आहे: रविवारी सकाळी नऊला सातव्या वळणापर्यंत सफर, टोपल्या आपापल्या. ज्यांच्याकडे सायकली नाहीत ते अठराजण चालत येणार आहेत. पण मी हार मानलेली नाही. बाबांचं नाव या गावात आहे तोवर ते खाली पडू देणार नाही.

वडीलकीच्या नात्याने आशीर्वाद असावा. वहिनींना नमस्कार.

तुमची हट्टी बहीण,
रेमेई

ता. क. आता दातांचं. मी दर ऑक्टोबरात शनिवारी जिरोनाला दाताच्या डॉक्टरकडे येते, म्हणून तुमच्याकडे जेवायला थांबत नाही, असं सांगते. दादा, माझे बत्तीसही दात शाबूत आहेत. मी बाजारात येते. नऊ वर्षांपूर्वीच्या बर्फात बाबांचे पाइन मोडले, आणि तेव्हापासून त्या जागेवर एकही अळंबी उगवलेली नाही. टोपलीत नेच्याखाली नेचाच असतो. सर्व संतांच्या सणाला तुम्ही जी खाता आणि ‘बाबांच्या जागेची चवच निराळी’ म्हणून डोळे पुसता, ती तुमच्याच बाजारातली.

ता. क. २. तेव्हा काम असं. शनिवारी सकाळी बाजारात तिसऱ्या ओळीतल्या अळंबीवाल्या रोसाउराकडे जा आणि ‘रेमेईची’ एवढंच म्हणा. ती नऊ वर्षं गप्प आहे, आपल्या घरात असं कोणी नाही. पाच किलो, मातीसकट आणि पूर्ण देठासकट; सुरीने कापलेली असली तर ओनोरिना लांबून ओळखेल. सायकल बसमध्ये टाकून दुपारी तीनला साखळीच्या फाटकाशी या. दोघं मिळून ती बाबांच्या जागेवर लावू. एकाहत्तराव्या वर्षी चढावर उतरून ढकललीत तरी मी कुठे बोलणार नाही. यंत्राचा पट्टा त्या वेळी एव्हारिस्तच्या मनगटावर उलट दिशेने फिरत असेल. त्याचे ठोके जरा जोरात पडतात. गाव म्हणेल, रेमेई शेवटी प्रेमात पडली. म्हणू दे.

ता. क. ३. एकालाच सांगायचं, असं बाबा म्हणाले होते. ते मी तुम्हाला सांगितलं. सातव्या वळणावर डावीकडे मोडका पाइन, त्यामागे सपाट दगड. उजवीकडे मी बसत असे, डावीकडे बाबा. आता ते नाहीत; ती चाळीस मिनिटं मी तिथे दुसरं काही करत नाही, नुसती बसते. शनिवारी अळंबी लावून झाली की डावीकडे तुम्ही बसा.